फिरत्या स्टुलावरचे मुख्याध्यापक

वर्गात एक फिरतं स्टूल होतं, दोन-दोन किलोची दोन डंबेल्स, एक स्टॉपवॉच, सही व्हायचं असलेलं एक नेमणूकपत्र, मुख्याध्यापक आणि विज्ञानाचे सर असे दोन परीक्षक आणि नोकरीसाठी पाठ घ्यायला आलेली एक उमेदवार. तिच्या गाठीशी तीन फसलेल्या मुलाखती होत्या. तिन्ही ठिकाणी तिने परीक्षकांची चूक काढली होती. निघताना आईने बजावलं होतं, "आज तोंडाला कुलूप. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा."

"कोनीय संवेग अक्षय्य असतो," तिने सुरुवात केली. "फिरताना हात जवळ घेतले की वेग वाढतो, पसरले की कमी होतो."

"हातांनी काय होतंय!" म्हणत मुख्याध्यापक डंबेल्स घेऊन स्वतःच स्टुलावर चढले. त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. हात पसरून ते म्हणाले, "सर, द्या धक्का."

विज्ञानाचे सर महिनाभरात निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांचं साचलेलं सगळं त्यांनी त्या एका धक्क्यात घातलं.

साहेब आधी ऐटीत फिरले. मग त्यांनी हात छातीशी घेतले. स्टुलाला उमेदवाराने सकाळीच तेल दिलं होतं.

"अरे, अरे, थांबवा!" घाबरून त्यांनी डंबेल्स आणखी घट्ट कवटाळली. वेग वाढला. चष्मा उडून फळ्यावर आदळला.

"साहेब, हात..." ती पुटपुटली आणि कुलूप आठवून गप्प झाली.

"थांबवतोय ना मी!" म्हणत त्यांनी कोपरंही आवळली.

"अहो, उलटं करताय!" कुलूप तुटलंच. "हात पसरा! पसरा म्हणते ना!"

साहेबांचे हात झटक्यात उघडले. वेग उतरला, सरांनी स्टूल धरलं. स्टूल थांबलं, पण साहेबांची मान लंबकासारखी डावी-उजवी होत राहिली.

"माझ्यावर ओरडलात?" त्यांनी खिडकीला विचारलं. उमेदवार दारापाशी होती.

"हो." चौथीही गेली, तिने मनात नोंदवलं.

"बारा वर्षांत मला कुणी 'चुकताय' म्हटलेलं नाही. सर, तुम्हीसुद्धा नाही!"

"मला नुसता धक्का द्यायला सांगितलं होतं," सर म्हणाले.

"द्या ते पत्र इकडे. आणि पेन."

तिच्या हातातल्या स्टॉपवॉचप्रमाणे हात पसरून एका फेरीला २.१ सेकंद लागले होते, हात आवळून ०.९. नेमणूकपत्रावर मुख्याध्यापकांची सही होती, छापील रेषेपासून सतरा अंश तिरकी.