चौथा नंबर

रुपचंद मस्कतहून देवपूरच्या घरी पोहोचला, तेव्हा आईला अग्नी देऊन अठरा तास झाले होते. अग्नी धाकट्या भावाने, पितांबरने दिला होता. रुपचंदने बॅगही खाली ठेवली नाही.

"तू तिथेच होतास ना?"

पितांबर विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर होता. आई परवा रात्री गेली, तरी बदली माणूस नसल्याने कोणतं विमान कधी उतरवायचं, हे काल सकाळी तोच सांगत होता.

"भाऊ, एका विमानाचं टायर फुटून मोठी धावपट्टी बंद पडली. लहान धावपट्टी एकच, आणि उतरायला अकरा विमानं. सगळ्यांना एकाच्या वर एक, हजार हजार फुटांवर फिरत ठेवलं. तुझं चौथं होतं."

"तासभर फिरलो. मग इंधन पुरणार नाही म्हणून दुसऱ्याच शहरात नेलं, तिथून रस्त्याने आज पोहोचलो. चौथं होतं, तर उतरवलं का नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. पितांबर खोटं बोलला नाही.

"तिसरं उतरलं आणि वरच्या साहेबांचा फोन आला. मंत्र्यांचं विमान आधी घ्या, तोवर बाकीचे थांबवा. वीस मिनिटं गेली त्यात."

"मग तू काय म्हणालास?"

"हो साहेब म्हणालो."

रुपचंदने बॅग भिंतीवर आपटली. ओसरीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"हळू बोल भाऊ, लोक बसेल शेतस," बहीण कुंदाबाई मध्ये आली. पण तिचाच आवाज चढला. ती पितांबरकडे वळली. "माय बठ्ठा दिवस अंगणमा पडेल व्हती. मी माशा हाकलत व्हतू. आन् तू साहेबले हो म्हने."

"मला माहीत होतं भाऊ त्यात आहे," पितांबर म्हणाला. "म्हणूनच गप्प बसलो. सख्ख्या भावासाठी अडून बसला, असं म्हटलं असतं सगळ्यांनी."

"त्या विमानात दोनशे माणसं होती," रुपचंद म्हणाला. "मी नसतो, तर बोलला असतास?"

पितांबरने या वेळीही खरंच सांगितलं.

"नाही."

रुपचंद मागच्या दाराने निघून गेला. दहाव्याला दोघे नदीवर शेजारी बसले, पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. तेराव्यानंतर रुपचंद मस्कतला परत गेला. जाताना कुंदाबाईला भेटला, पितांबरला नाही.

तीन महिन्यांनी तसाच फोन आला. त्या दिवशी पाऊस होता आणि सात विमानं वर फिरत होती. पितांबरने सांगितलं, "साहेब, ज्याचं इंधन कमी ते आधी. मग रांगेप्रमाणे. मंत्र्यांचं विमान सातव्यानंतर येईल." पलीकडून शिव्या आल्या. त्याने फोन ठेवला आणि सातही विमानं क्रमाने उतरवली. भीती वाटली नाही, राग आला. हा राग त्याला तीन महिन्यांपूर्वीच यायला हवा होता.

आठवड्यात खुलासा मागणारी नोटीस आली; उत्तराला दोन महिन्यांची मुदत होती. त्याला टॉवरवरून काढून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं. त्याने सगळं रुपचंदला लिहून कळवलं.

महिन्याने उत्तर आलं. खुशाली नव्हती, आशीर्वाद नव्हता. एकच ओळ होती: "नोटिशीला उत्तर देताना माफी मागू नकोस."

पितांबरने मागितली नाही.