दादांच्या शुभहस्ते

शाझियाच्या घरात शाली इतक्या झाल्या होत्या की तिच्या बापानं, चांदसाहेब पिंजाऱ्यानं, त्यातल्या चार गादीच्या आत घालून टाकल्या. तीस वर्षं कापूस पिंजलेला माणूस तो. शाल बोटांत चोळून बघायचा आणि म्हणायचा, हिच्यात ऊब नाही, नुसती झगमग आहे. माणसांबद्दल तो असं बोलत नसे, पण बोलला असता तरी चाललं असतं.

ढोरमाळवाडी माण तालुक्यातली. तालुक्याच्या हायस्कुलाला सात किलोमीटर, सगळा उघडा माळ, आणि अर्ध्या वाटेवर बंद पडलेली खडीची खाण. तिथं मोटारसायकली आडव्या लावून टवाळ पोरं बसायची. सकाळची एसटी होती तोवर वाडीतल्या नऊ पोरी शिकत होत्या. जूनमध्ये प्रवासी नाहीत म्हणून एसटी बंद झाली आणि पंधरा दिवसांत नवाच्या सहा झाल्या. उरलेल्या पाचजणींना घेऊन अकरावीतली शाझिया एसटी आगाराच्या फाटकात जाऊन बसली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. तिनं दप्तर उघडलं आणि खालच्या वर्गातल्या पोरींना गणित शिकवायला लागली. शाळेला न्यायला गाडी नाही, तर शाळा इथंच.

ती हे जगासाठी करत नव्हती. ती अंकितासाठी करत होती. अंकिता तिच्या बाकावरची, अजून सतरा पुरी व्हायची होती. बाप आकाराम मुंबईत माथाडी, घरी मेंढरं आणि आई राहीबाई. राहीबाईनं शाझियाला ओट्यावर बसवून सांगितलं होतं, "दिवाळीपातूर बस आली तर माझी पोर बारावी करंल. न्हाई आली तर तुळशीमागनं तिचं लगीन. कोरेगावचं स्थळ सांगून आलंय. माळावरनं ती परत येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो बघ."

राहीबाईचं काही चुकत होतं असं शाझियाला वाटलं नाही. बस आली की अंकिता वाचली, एवढंच तिनं डोक्यात ठेवलं.

फाटकातल्या शाळेचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि तिसऱ्या दिवशी इंद्रजित आला. एका वृत्तवाहिनीचा प्रतिनिधी, काळा चष्मा, बोलणं मधाळ. त्यानं पोरींना माळावरून तीनदा चालवलं, कारण पहिल्या दोनदा ऊन बरोबर पडलं नव्हतं. सगळ्यात धाकट्या पोरीला त्यानं चपला काढायला लावल्या. ती म्हणाली, माझ्या चपला नव्याच आहेत. तो हसला आणि म्हणाला, म्हणूनच काढ. शाझियाला त्यानं ओढणी डोक्यावरून घ्यायला सांगितली, तेवढ्यानं बातमीला वजन येतं म्हणाला. बस यायची होती, म्हणून तिनं ओढणी घेतली.

बातमी लागली आणि बातमीमागोमाग धैर्यशीलदादा आले. त्यांना पदवीधरच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत शिकलेली मतं गोळा करायची तर शिक्षणासाठी झगडणारी पोर हवी, आणि ती मुसलमान पिंजाऱ्याची असेल तर सोन्याहून पिवळं. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सभागृहात, त्यांनी तिचा पहिला सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा आणि पाठीमागं तिच्यापेक्षा दादांचाच मोठा फोटो. बसचं मी बघतो, असं दादा माइकवर म्हणाले. मग तिला दोन शब्द बोलायला उभं केलं.

घात झाला तो इथं. गावाकडं एक रीत असते. बोअरला पाणी लागो की अंगणवाडीला रंग लागो, मोठ्या माणसाच्या हाताशिवाय काही सुरू होत नाही. बालवाडीपासून ऐकलेलं ते वाक्य तिच्या जिभेवर आपोआप आलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी कागद दिला नव्हता. ती म्हणाली, आमची बस दादांच्याच शुभहस्ते सुरू व्हावी, अशी आम्हा मुलींची इच्छा आहे. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दादांच्या पीएनं ते वाक्य तेवढ्यात मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

त्यानंतर एकही वार तिचा राहिला नाही. आज कराड, उद्या मिरज, परवा कुठल्या पतसंस्थेचा वर्धापनदिन. सकाळी गाडी दारात यायची आणि मुलींनो शिका हे सांगण्यासाठी मुलीला शाळेतून उचलून न्यायची. एका कार्यक्रमात सांगायचे, ओढणी डोक्यावर घे. दुसऱ्यात सांगायचे, आज नको, लोक वेगळे आहेत. शबाना, तिची आई, एकदा गाडीबरोबर येणाऱ्या माणसाला म्हणाली की पोरीचं डोकं तुमच्या बापाचं आहे का. तो हसून गाडीत बसला. शाझियानं आईलाच गप्प केलं. बस येईपर्यंत दम धर, एवढंच ती म्हणत राहिली.

दिवाळी आली आणि गेली. बस आली नाही. राहीबाई बोलल्या शब्दाला पक्की होती. मार्गशीर्षातली तारीख धरली.

लग्नाला चार दिवस असताना शाझिया तालुक्याच्या स्टँडवर उभी होती. जुना वाहक नाथाजी तिला ओळखून जवळ आला आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "तुमची गाडी कवा न्हेणार गं? भादव्यातच मंजूर झालीया. चालक नेमलाय, वेळापत्रक लावलंय."

मग गाडी का सुटत नाही, असं तिनं विचारलं.

"आता काय सांगावं पोरी. तुमीच म्हणाला न्हवं, दादांच्या हातानं? वरनं सांगावा आलाय, पोरींची इच्छा हाय, दादांच्या वाढदिवसाला सुरू करा. बारा जानेवारीला. मग कोण हात लावतंय गाडीला?"

तीन महिने. तीन महिने बस उभी होती आणि पोरी माळ तुडवत होत्या. आणि कुलपाला किल्ली तिनं स्वतःच्या तोंडानं फिरवली होती. तिला उलटी आली. स्टँडच्या कडेला लिंबाखाली बसून ती खरोखरच ओकली.

तिनं पीएला फोन लावला. तो म्हणाला, एवढे थांबलात, आता महिनाभरानं काय बिघडतंय, चांगला दणक्यात कार्यक्रम करू. मग तिनं इंद्रजितला लावला. बसचं त्याला आधीपासून ठाऊक होतं. दादांच्या जाहिरातींवर आमच्या जिल्ह्याचं ऑफिस चालतं, हे त्यानं लाजायच्या ऐवजी समजावून सांगितलं. पण लग्नाचं ऐकताच त्याचा आवाज तरतरीत झाला. "अठरा पुरी नाहीत ना? मग तू मांडवात जाऊन लग्न थांबव. आम्ही लाइव्ह घेतो. नवरीचा चेहरा तेवढा दिसला पाहिजे. बसचा विषय मात्र काढायचा नाही."

शाळेतल्या बाईंकडं बालविवाहाच्या तक्रारीचा नंबर होता. पण अंकितानं तिचा हात धरून शपथ घातली. आई तुरुंगात जाईल आणि माझं तोंड साऱ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर फिरेल, तसलं काही करू नको म्हणाली. शाझिया राहीबाईकडं गेली, बस मंजूर आहे, महिनाभर थांबा म्हणाली. "तुज्यावर इस्वास ठेवून दिवाळीपातूर थांबलेच की गं मी," एवढंच राहीबाई म्हणाली आणि हळद दळायला बसली.

लग्नाला धैर्यशीलदादा आले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असली ही जात. दहा मिनिटं थांबले, अक्षता टाकल्या, माइक हातात घेऊन मुलगी शिकली तर घर शिकतं असं सांगितलं. नवरीचं वय त्यांनी विचारलं नाही. शाझिया पुढं होऊन म्हणाली की ही माझ्या वर्गातली आहे. दादा म्हणाले, वा, मैत्रिणी जपल्या पाहिजेत, आणि दोघींना दोन बाजूंना घेऊन फोटो काढला.

बारा जानेवारीला बस सुटली. गाडीला झेंडूचे हार, समोर दादांचा फ्लेक्स, पायरीवर नारळ. वाढदिवसाचा केक चालकाच्या आसनावर ठेवला होता. दादांनी हिरवा झेंडा दाखवला आणि इंद्रजितनं माइक शाझियाच्या तोंडाशी आणला. आज काय वाटतंय, त्यानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. बस सप्टेंबरपासून तयार होती, या वाढदिवसासाठी अडवून ठेवली, त्यात माझी अंकिता गेली, आणि दादांच्या हातांची मागणी करणारी मीच होते, माझीच मला शिसारी येते. बोलता बोलता ती रडायला लागली. इंद्रजितनं तिला अडवलं नाही. शांतपणे पूर्ण होऊ दिलं आणि कॅमेरावाल्याला विचारलं, डोळे नीट आले ना?

संध्याकाळी चांदसाहेबानं मोबाइल गादीवर टेकवून ठेवला आणि तिघं बघायला बसली. हिरवा झेंडा, हार, दादा. मग शाझियाचा चेहरा पडदाभर आला. ओठ हलत होते, पण आवाज तिचा नव्हता. सनई लावली होती. खाली पट्टी होती, ‘बस पाहून शाझियाला आनंदाश्रू अनावर’. आईनं मोबाइल पालथा घातला.

तो पालथाच वाजला. कोरेगावहून, नवऱ्याच्या नंबरवरून, अंकिता होती. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"बघितलं गं आत्ता," ती म्हणाली. "लय आनंद झाला व्हय तुला?"

तिकडून कुणीतरी अंकिताला हाक मारली आणि फोन बंद झाला.