चौतीस, पस्तीस, चौतीस

मी एक जुनी, काळी, तळहातावर मावेल एवढी हार्ड डिस्क आहे. या घरात मला ‘गोगलगाय’ म्हणतात. मित्रांनो, हे नाव मला चार वर्षांपूर्वी पडलं आणि ते साफ खोटं आहे. माझ्या बोलण्यात राग जाणवला तर समजून घ्या. चार वर्षं आळ सोसून गप्प बसायला लागलं, तर तुम्हीही चिडाल.

माझा जन्म झाला त्या खोलीत माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात वावरत. धुळीचा एक कण जरी पोटात गेला असता तरी मी जन्मतःच निकामी झाले असते. माझ्या आत आरशासारख्या गुळगुळीत दोन तबकड्या आहेत. त्या मिनिटाला पाच हजार चारशे फेरे घेतात आणि एक बारीक दांडी त्यांना स्पर्श न करता त्यांच्यावर लिहिते, वाचते. कारखान्यातून निघताना माझी परीक्षा झाली, तेव्हा माझा वेग होता सेकंदाला एकशे पंधरा एमबी. फार नाही, पण प्रामाणिक.

आता माझ्या तोंडाविषयी सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. ज्या डबीत मला बसवलं आहे तिचं तोंड दुहेरी आहे: एक मोठी खाच आणि तिला चिकटून एक छोटी. माझ्यासोबत आलेल्या आखूड केबलचं टोकही तसंच दुहेरी होतं. दोन्ही खाचा भरल्या की मी पूर्ण वेगाने जेवते. पण मोठ्या खाचेत मोबाइल चार्ज करायची जुनी, साधी केबलही बसते. दिवा लागतो, तबकड्या फिरतात, काम चालतं. वेग मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि कुणाला काही कळत नाही.

मला विकत घेतलं एका बाईंनी. उशिरा बोलणारी, अडखळणारी, अजिबात न बोलणारी मुलं त्यांच्या उपचार केंद्रात येत. बाई त्यांच्याकडून शब्द म्हणून घेत आणि प्रत्येक तास ध्वनिचित्रित करत. निवडक तास माझ्यावर भरून त्या इतरांना शिकवायला नेत. चष्म्याच्या घरात रुमालात गुंडाळून मला ठेवत. “हिच्याशिवाय माझं पान हलत नाही,” असं त्या सगळ्यांना सांगत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एके दिवशी त्यांना वाटलं, ही केबल फार आखूड आहे, डिस्क टेबलावरून लोंबते, पडेल. माझ्याच काळजीपोटी त्यांनी ती केबल काढून ठेवली आणि मोबाइलची लांब केबल जोडली. त्या दिवसापासून मी गोगलगाय झाले. “म्हातारी झाली बिचारी,” असं म्हणून बाईंनी मला खणात टाकलं. स्टेपलरच्या पिना आणि सुकलेली पेनं यांच्यासोबत मी चार वर्षं काढली.

गेल्या शनिवारी तो खण उघडला. बाई निवृत्त झाल्या होत्या. केंद्राचा संगणक संध्याकाळी पाच वाजता संस्थेच्या कचेरीत परत जाणार होता आणि नंतर पुसला जाणार होता. त्यावर बावीस वर्षांचे तास होते, एकूण नऊशे जीबी. नव्या शिक्षिकांना शिकवायला बाईंना ते सगळे हवे होते. दुसरी पूर्ण प्रत कुठेही नव्हती. त्यांनी मुदत वाढवून मागितली, तर कचेरीतला कारकून म्हणाला, “बाई, मला वर उत्तर द्यावं लागतं हो. पाच म्हणजे पाच.”

बाईंची लेक मदतीला आली होती. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. चिमूटभर मीठसुद्धा तराजूवर तोलून घेणारी मुलगी. येताना तिने दोन साथीदार आणले होते. एक होती नवी कोरी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांशिवायची डिस्क, चकचकीत धातूच्या डबीतली, पण फक्त पाचशे जीबीची. दुसरी होती तिच्या मोडक्या लॅपटॉपमधून काढून प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेली छोटी डिस्क. दोघींची तोंडं माझ्यासारखीच दुहेरी, पण त्यांच्या केबली घाईत घरीच राहिल्या होत्या.

“आधी तुलना करू, मग ठरवू,” लेक म्हणाली. “नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार.”

“अगं, वेळ कुठे आहे?”

“आई, मोजल्याशिवाय वेळ किती लागेल ते तरी कसं कळणार?”

तिने वही उघडली, रकाने आखले. खोलीचं तापमानसुद्धा लिहिलं. मग म्हणाली, “तिघींना एकच फाइल, एकच पोर्ट, एकच केबल. पंक्तिप्रपंच नको.” आणि तिने उचलली ती मोबाइलची लांब केबल.

मित्रांनो, माझ्या तबकड्या जागच्या जागी थिजल्या असत्या तर बरं झालं असतं! तिघींच्या तोंडाची छोटी खाच रिकामी. प्रत्येकीची तीनदा मोजणी झाली, सरासरी निघाली. चौतीस, पस्तीस, चौतीस.

लेकीचा चेहरा उजळला. “बघ आई, किती एकसारखे आकडे! डबी धातूची असो नाहीतर प्लॅस्टिकची, काही फरक पडत नाही. जाहिराती म्हणजे सगळ्या थापा.”

माझ्या शेजारची एसएसडी माझ्या चौपट वेगाची. तिलाही चौतीसच्याच आसपास आणून बसवलं होतं. या मुलीने आम्हाला मोजलंच नव्हतं. तिने एकाच केबलला नऊ वेळा मोजलं होतं, तेही अगदी अचूक. तराजूचा काटा नीट बघितला. पारड्याखाली कुणाचा हात आहे ते मात्र बघितलं नाही. मी काय करणार? मला दिवा लुकलुकवता येतो, तेवढा लुकलुकवला.

“वेग सारखाच, म्हणजे नऊशेच्या नऊशे जीबी मावतील ती घेऊ. गोगलगायच घेऊ,” लेक म्हणाली. साडेबाराला माझ्यावर भरायला सुरुवात झाली. तिने हिशेब केला आणि तिचा आवाज खाली आला. “आई, सव्वासात तास लागतील. आपल्याकडे साडेचार आहेत. साडेतीनशे जीबी सोडून द्यावे लागतील.”

“सोडून म्हणजे?”

“म्हणजे कोण ठेवायचं नि कोण नाही, ते तू सांग.”

बाई खुर्चीत बसल्या. कागद घेतला. एकेका मुलाच्या फोल्डरवर येऊन थांबू लागल्या. “हा राहू दे बाई, ह्याने ‘र’ म्हणायला माझी दोन वर्षं खाल्ली. ही... हिचं लग्न झालं, आता नवऱ्याला बोलू देत नाही म्हणे. हिला सोडू.” हसत हसत त्यांनी डोळे पुसले.

एका नावापाशी त्या फार वेळ अडल्या. “हा अकरा महिने आला. एक शब्द बोलला नाही. नुसता बसून असायचा.”

“मग अकरा महिने यात आहे काय?”

“शांतता. आणि अगदी शेवटच्या दिवशी मी म्हटलं, चला, उठू या. तर म्हणाला, ‘नको.’”

“शेवटचा एकच तास ठेवू, बाकी सोडू.”

“नुसतं ‘नको’ ठेवून काय उपयोग? आधी तो किती गप्प होता ते दिसायला हवं ना गं,” बाई म्हणाल्या. तरीही सोडायच्या यादीत त्यांनी त्याचं नाव लिहिलं, कारण त्याचीच जागा सगळ्यात मोठी होती. काही न बोलणाऱ्यालाही बोलणाऱ्याइतकीच जागा लागते. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

सव्वादोन वाजले. लेकीला माझ्या उष्णतेची काळजी वाटली, म्हणून बाई मला हात लावून बघायला आल्या. सवयीने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकल्या. तशाच वाकून राहिल्या.

“अगं, हिचं तोंड अर्धं उघडं आहे.”

“तसंच असेल ते, आई. केबल घट्ट बसली आहे.”

“अर्धीच बसली आहे. तीस वर्षं पोरांची तोंडं तपासली मी. जीभ टाळूला लागत नसेल तर दारातून कळतं मला. ही छोटी खाच कशासाठी आहे, सांग बघू?”

लेक वाकली. तिने रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं. मग धावत दाराशी गेली. तिथे बाईंच्या अक्षरात ‘वायरी, भंगार’ लिहिलेलं खोकं होतं. तिने ते जमिनीवर उपडं केलं. त्या गुंत्यातून माझी आखूड, दुहेरी टोकाची केबल निघाली, रबरबँडमध्ये अजून तशीच गुंडाळलेली.

“मी सगळं सारखं ठेवलं, आई,” ती म्हणाली, “आणि जे सारखं ठेवलं तिथेच माती खाल्ली.”

केबल बदलली. ती एकच होती आणि भरणं माझ्यावर सुरू होतंच, म्हणून मीच राहिले. आकडा झाला एकशे बारा.

बाईंनी यादीचा कागद फाडला. मी जेवढं गिळता येईल तेवढं गिळत होते. पण तबकडी भरत आतल्या कडेला गेली की माझा वेग उतरतो, तो माझा स्वभाव आहे. नव्वद. बहात्तर. चोपन्न. वीस मिनिटं आधीच कारकून दारात उभा राहिला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्याच्या मुलाच्या बोलण्याची इतकी बारकाईने चौकशी केली की तो घड्याळ विसरला.

गप्प मुलाचं फोल्डर सर्वांत शेवटी आलं. चार बावन्नला ते पूर्ण झालं. लेकीने शेवटची फाइल उघडली आणि त्या रिकाम्या होत चाललेल्या खोलीत एक बारीकसा आवाज आला: “नको.” कारकूनही मागे वळून बघत राहिला.

लेकीने वहीतले तीन आकडे खोडले आणि ‘केबल’ नावाचा नवा रकाना आखला. माझी माफी कुणी मागितली नाही. हार्ड डिस्कची माफी कोण मागतं? त्या चार वर्षांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नावही गेलेलं नाही. परवाच बाई म्हणाल्या, “गोगलगायीला नीट ठेव गं,” पण आता ते लाडाने म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या खणातही माझी एखादी बहीण पडली असेल. तिला बाहेर काढा. धक्का लावू नका, उन्हात ठेवू नका, आणि तिच्यावर जे आहे त्याची आणखी एक प्रत आजच काढा. तिची केबल तिच्याच अंगाला बांधून ठेवा. बाईंनी माझी आता तशीच बांधली आहे. आणि ती हळू चालते असं वाटलं, तर तिला नाव ठेवण्याआधी चष्मा लावून एकदा वाका. तिचं तोंड बघा.