दोन विश्वंभर आणि एक पुस्तक

प्रबंध सादर करण्याआधी आश्लेषाला एकच गोष्ट ठरवायची होती: सुपारीच्या रोगांवरचे १९५८ सालचे पुस्तक कोणत्या विश्वंभर जोगळेकरांचे? विद्यापीठाच्या सूचीने आजोबा आणि नातू यांना एकच माणूस मानून साठ वर्षे लिहिते ठेवले होते. आश्लेषाने दोघांना वेगळे केले आणि पुस्तक आजोबांकडे दिले. खात्रीसाठी तिने नातवाला फोन केला, तर त्याने “आईलाच विचारा” म्हणून तिला श्रीवर्धनला गोदावरीकाकूंकडे पाठवले.

“काकू, विश्वंभरांचा जन्म कधीचा?”

“छप्पनचा. ते नाव मी तोंडानं घेत नाही हो, सासऱ्यांचं ना. सत्तरीला आला तरी आमचा बाळच.”

आश्लेषा हसता हसता थांबली. हयात आजोबांचे नाव नातवाला ठेवत नाहीत. तिच्या घरीही तीच रीत होती.

“म्हणजे आजोबा त्याआधीच गेले?”

“पंचावन्नच्या श्रावणात.”

“मग पुस्तक कुणी लिहिलं?”

“यांनी. वडिलांची थोडी टिपणं होती, बाकी सगळं वाडीत हिंडून यांनीच केलं. नाव मात्र वडिलांचं घातलं. मी म्हटलं, तुमचं घाला की. तर म्हणतात, तू तरी कुठं घेतेस माझं नाव?”

“आता मी घालू?”

“घाल. आणि मला वाचून दाखव.”

नातवाच्या पूर्ण नावातून वडिलांचे नाव घेऊन आश्लेषाने तिथेच तळटीप लिहिली आणि मोठ्याने वाचली, “गोपाळ विश्वंभर जोगळेकर.”

काकूंनी पदर सावरला. “पुन्हा वाच,” त्या म्हणाल्या.