पान होतं की नव्हतं?

सपाट वाचायचं, हा मंडळाचा पहिला नियम. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही. पुस्तकातली माणसं भांडत असोत की प्रेमात पडत असोत, वाचताना वाण्याची यादी वाचल्यासारखं वाचायचं. दुसरा नियम, वाचणाऱ्याने ते पुस्तक आधी वाचलेलं नसावं. बंदी घातलेल्या पुस्तकाची कायमची विल्हेवाट लावण्याआधी ते भर सुनावणीत अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे, असं कुणा जुन्या कायदेपंडिताने लिहून ठेवलं होतं आणि ते खोडायला पुढे कुणाला सवड झाली नव्हती. म्हणून मंडळाने एक पगारी वाचक ठेवली होती. तिला सगळे नुसतं बाई म्हणत.

त्या सकाळी बाईने नेहमीच्या छापील कागदावर सही केली. हे पुस्तक मी पूर्वी वाचलेलं नाही, माझ्याजवळ नाही आणि कधी नव्हतं. एका ओळीत तीन थापा. पुस्तक घरी आईच्या गादीखाली होतं, अंकगणिताच्या पुठ्ठ्यात. आईची नजर गेल्यापासून रोज संध्याकाळी बाई ते तिला वाचून दाखवायची. बंदी आली त्या दिवशी आई म्हणाली होती, "बंदी घातली? म्हणजे आपल्या नजरेतून काहीतरी सुटलेलं दिसतंय. वाच गं परत पहिल्यापासून." तेव्हापासून किती वेळा वाचलं, देव जाणे. प्रत सापडली तर तुरुंग ठरलेला. आणि बाई आत गेली तर आईला पाण्याचा पेला हातात द्यायलाही घरात दुसरं माणूस नव्हतं.

मग आजारपणाचं निमित्त काढून घरी का नाही बसली? हा प्रश्न तिने स्वतःला रात्रभर विचारला होता. खरं उत्तर एवढंच, की तिला ते पुस्तक एकदा उघड्यावर वाचायचं होतं. दारं-खिडक्या न लावता, चार माणसांत. हौसेला मोल नसतं, असं हौस स्वस्तात भागलेलेच म्हणतात.

पुस्तक एका सुईणीचं होतं. गावातल्या सगळ्या थोरामोठ्यांना तिनेच जगात आणलेलं, त्यामुळे ती कुणाला घाबरत नाही आणि कुणाचं काही झाकत नाही, एवढीच गोष्ट. तक्रार केली होती कागदाच्या एका व्यापाऱ्याने. त्यातला नगराध्यक्ष म्हणजे माझे वडीलच, असं त्याचं म्हणणं. त्याने तक्रार करेपर्यंत ही गोष्ट कुणाच्याही ध्यानात आली नव्हती. आता साऱ्या शहराला ठाऊक झाली होती.

हॉल लहान आणि उंच छताचा होता. मधल्या टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष, घट्ट बंद गळ्याचा कोट घातलेले, कमी बोलणारे गृहस्थ. डाव्या हाताला स्टेनो, बारमाही सर्दी झालेला. समोर तक्रारदार. दाराशी एक शिपाई आणि एक पोलीस. बाई उभ्याने वाचत होती.

गालाचं आतलं मांस दातात धरून तिने निम्मं पुस्तक पार केलं. हसायला येईल अशा जागा तिला आधीच ठाऊक होत्या, आणि तीच पंचाईत होती. तशी जागा जवळ येऊ लागली की ती दात आणखी घट्ट रोवायची. एकदा स्टेनो फस्सकन हसला आणि ते शिंकेवर ढकलून मोकळा झाला. तक्रारदाराने त्याच्याकडे डोळे वटारले.

मग नगराध्यक्षाच्या सत्काराचा प्रसंग आला. सुईण गर्दीतून वाट काढत मंचावर चढते. बाईने डावीकडचं पान संपवलं आणि क्षणभर नजर वर केली. अध्यक्ष टक लावून तिच्याकडेच बघत होते. ती बिचकली, पण तोंड थांबलं नाही.

"'अभिनंदन करायला आले नाही, तुझी मान बघायला आले,' सुईण म्हणाली. 'जन्मलास तेव्हा तुझी मान धरत नव्हती. मी धरली होती. आता कोण धरतं, ते बघावं म्हटलं.'"

तसंच सपाट, तसंच संथ, ती पुढे बोलत गेली. बोलता बोलता नजर खाली आली. डावीकडे एकशे बारा. उजवीकडे एकशे पंधरा. मधल्या शिवणीत फाटक्या कागदाची बारीक किनार. मधलं पान पुस्तकात नव्हतंच. ते ती तोंडपाठ म्हणून मोकळी झाली होती.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. स्टेनोची पेन्सिल चालू होती. तक्रारदार जांभई दाबत होता. ती एकशे पंधरावर आली आणि वाचत राहिली. पाठीवरून घामाची धार उतरत होती, आवाज मात्र वाण्याच्या यादीचाच होता. नोकरीची सवय अशी कामाला येते.

जेवणाच्या सुट्टीत पुस्तक अण्णांकडे गेलं. अण्णा म्हणजे मंडळाच्या कोठीचे राखणदार. जप्त पुस्तकांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि वाचून झालेल्या प्रत्येक पानावर शिक्का मारणं हे त्यांचं काम. त्यांनी जन्मात एकही जप्त पुस्तक उघडून वाचलं नव्हतं. शिक्का मारतानासुद्धा मान वळवून मारायचे, अशी त्यांची थट्टा चाले. बाई हॉलच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. डबा उघडून तसाच ठेवला होता. पान कुणी कधीकाळी फाडलं असेल, अण्णा शिक्के मारत पुढे जातील, कुणाला पत्ताही लागणार नाही, असं ती स्वतःला समजावत होती.

पण अण्णा पडले सरळमार्गी माणूस. पानांचे आकडे जुळेनात तसे तेच पुस्तक घेऊन धावत हॉलमध्ये आले. "साहेब! एक पान नाहीये हो यात! फाडलंय कुणीतरी!"

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतात तो असा. तक्रारदार ताडकन उठला. पुस्तक हिसकावून त्याने एकशे बारा आणि एकशे पंधरा बघितलं, मग स्टेनोकडे वळला. "सत्काराचा प्रसंग सकाळी वाचला गेला ना? मान धरण्याचं ते?"

स्टेनोने वही चाळून लघुलिपीतल्या रेघोट्या जुळवून वाचल्या. "वाचला गेलाय. 'मी धरली होती, आता कोण धरतं...' हे बघा, पूर्ण आहे."

"म्हणजे सकाळी पान होतं," तक्रारदार म्हणाला. "आता नाही. मधल्या वेळात पुस्तक कुणाकडे होतं?"

अण्णांना प्रश्न कळायलाच वेळ लागला. "माझ्याकडे होतं. पण पान आधीपासूनच नव्हतं हो. पुस्तक कोठीतून अभ्यासाला साहेबांकडे गेलं, साहेबांकडून परत कोठीत आलं, कोठीतून आज इथे. आणखी कुठे गेलंच नाही. मी पान कशाला घेऊ? मला काय करायचंय त्याचं?"

"बाजारात या पुस्तकाच्या एकेका पानाला गिऱ्हाईक आहे. मला सांगू नका काय करायचंय ते."

पोलिसाने अण्णांचे खिसे तपासले. डबा तपासला, झाकणाच्या आतून बोट फिरवलं. कमरेच्या किल्ल्या सोडायला लावल्या. अण्णा लहान मुलासारखे हात वर करून उभे होते. अध्यक्ष खाली टेबलाकडे बघत म्हणाले, "चौकी काय ते बघून घेईल. यांना घेऊन जा." आवाज अगदी कोरडा होता.

दाराशी पोचल्यावर अण्णा वळले. "बाई, तुम्ही वाचलंत ना? तुमच्या हातात होतं पुस्तक. तुम्हीच सांगा, पान होतं की नव्हतं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. होतं म्हटलं की संपलं. ती घरी जाणार, दिवा लावून आईजवळ बसणार. आणि अण्णा जाणार तुरुंगात, त्यांनी कधी न वाचलेल्या पानासाठी. तिला आईची आठवण झाली आणि रडू नाही आलं, राग आला. स्वतःचा. सुईणीचं बोलणं इतकी वर्षं हसून हसून ऐकलं, आणि आपल्यावर वेळ आली तर दातखीळ बसली, याचा.

"पान नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं तर वाचलं काय?" तक्रारदार ओरडला.

"वाचलं नाही. म्हटलं. मला ते पाठ आहे. पुस्तक माझ्या घरी आहे, मी ते रोज वाचते. सकाळची सही खोटी आहे. अण्णांना सोडा."

तक्रारदार हसला. "थाप आहे ही. सहकाऱ्याला वाचवायला निघाल्यात. अख्खं पान कुणाला पाठ असतं? असेल तर म्हणून दाखवा आत्ता."

"त्याची गरज नाही," अध्यक्ष घाईने म्हणाले.

"गरज कशी नाही? साहेब, हे नोंदीवर आलं पाहिजे. माझी मागणी आहे. हं, बाई, म्हणा!"

अध्यक्षांना मागणी नाकारता येईना. स्टेनोने सकाळची वही एका हाताखाली उघडी ठेवली आणि दुसरी सुरू केली. बाईने तक्रारदाराच्या हातातलं पुस्तक घेऊन टेबलावर पालथं ठेवलं. आता सपाट म्हणायचं कशाला? पाण्यात पडल्यावर भिजायची काय भीती! ती घरी म्हणायची तसं म्हणू लागली, कमरेवर हात ठेवून, सुईणीच्या ठसक्यात. "आता कोण धरतं, ते बघावं म्हटलं" आलं तेव्हा पोलिसाला हसू फुटलं आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. दाराबाहेर कोणकोण येऊन थांबलं होतं. इतक्या वर्षांत तिने त्या खोलीत हजारो पानं वाचली होती; कुणी ऐकतंय, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"'...आलास तो निळा पडलेला, रडेनास. तुझी आजी म्हणाली, गेलं पोर. मी तुला उलटा धरला आणि ढुंगणावर दोन ठेवून दिल्या, तेव्हा कुठे गावाला तुझा आवाज ऐकू आला.'"

इथे ती थांबली. विसरली म्हणून नव्हे. पुढचं वाक्य तिचं नव्हतंच, आईचं होतं. घरी बाई इथवर वाचायची आणि मग गप्प राहायची. आई पडल्या पडल्या बोट वर करून ते वाक्य स्वतः म्हणायची आणि मग दोघी हसत सुटायच्या. इतकी सवय, की सकाळीही ती ते वाक्य गाळून तशीच पुढे गेली होती. आताही तिने सवयीने जागा सोडली, आणि त्या गप्प क्षणात कुणीतरी हळूच, अगदी सहज म्हणालं,

"'त्यानंतर तुला कुणी दिल्या नाहीत, तिथेच गावाचं चुकलं.'"

आवाज टेबलामागून आला होता.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. आपण बोलून गेलो, हे त्यांना स्वतःलाच उशिरा कळलं. बाई बघत राहिली. शब्द न् शब्द बरोबर होता.

स्टेनोने सकाळच्या वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं, नाक पुसलं आणि पुन्हा बघितलं. "साहेब, हे वाक्य सकाळच्या वाचनात नाहीये. आणि पान तर पुस्तकात नाहीये." तो घुटमळला. मनाने वाईट नव्हता, नोकरी त्यालाही हवी होती. "बाईंच्याच नावावर घालतो हे. चालेल ना?"

अध्यक्षांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाई नाहीतरी बुडालीच होती. एका वाक्याने तिचं आणखी काय वाईट होणार होतं? त्यांनी टेबलावरच्या पालथ्या पुस्तकावर हात ठेवला. तक्रारदार एकदा त्यांच्याकडे, एकदा स्टेनोकडे बघत होता.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "माझ्या नावावर घाला."

त्यांनी कोटाचा गळा सोडला, आतल्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. घडीवर तो विरायला आला होता. "अभ्यासाला घरी नेलं होतं," ते बाईला म्हणाले, बाकी कुणाला नव्हे. "पुस्तक परत करणं भागच होतं. एवढं एक पान देववलं नाही."

बाईला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. तिने त्यांच्याइतका जवळचा माणूस त्या इमारतीत कधी बघितला नव्हता. उद्या दोघांनाही एकाच गाडीतून नेतील, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

अण्णा मात्र दारातून परत आले होते. पोलिसाने त्यांना अडवलं नाही. त्यांचे खिसे अजून बाहेर ओढलेले होते. त्यांनी पान उचललं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही.

"साहेब," ते म्हणाले, "हे तुमच्या खिशात होतं, आणि माझा डबा तपासत होते तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात?"

बाईच्या मनातली माया तिथल्या तिथे आंबट झाली. स्टेनोने पेन्सिल वहीवरून उचलून धरली होती. एवढं तरी गाळावं, असा त्याचा विचार दिसत होता.

"थांबलात का?" अध्यक्ष त्याच्याकडे न बघता म्हणाले. "अण्णांनी काय विचारलं, तेही लिहा."