मिलिटरीच्या ट्रेलरचा मागचा दिवा

दिवा लागला तर लडकू आज संध्याकाळी चौकीतून घरी येणार होता, आणि नाही लागला तर कधी येईल ते कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं. हवालदाराने सकाळीच लडकूच्या बायकोला, मेघालीला, तसं समजावून सांगितलं होतं. ट्रेलरचा मागचा दिवा चालू असेल तर साधा अपघात, साधं कलम, जामीन होऊन जाईल. दिवा बंद निघाला तर मात्र बिनदिव्याची गाडी जाणूनबुजून अंधारात काढून माणूस मारला असं धरतील. मग मोठं कलम, मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवा. दुपारी आरटीओचे साहेब चौकीच्या मागच्या आवारात येऊन दिवा तपासणार होते.

मेघालीने हे सगळं रडत रडत भावाला सांगितलं. भाऊ म्हणजे चंद्रा, राहनाळच्या नाक्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारा. त्याने ऐकलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण तो दिवा त्यानेच जोडला होता, आणि तो कसा लागतो हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. राहनाळचे केसरीनाथशेठ. भातशेतीवर गोदामं उभी राहिली आणि शेठच्या हौसेला धरबंद राहिला नाही. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक दोनचाकी ट्रेलर उचलला. बांधकामावर पाण्याची टाकी न्यायला म्हणे! टाकी काय, ती साध्या ट्रॉलीवरूनही गेली असती. पण शेठला मिलिटरीचा माल हवा होता. घरी आणल्यावर कुणीतरी सांगितलं की लष्कराचा हिरवा रंग ठेवता येत नाही, तेव्हा शेठ असे हिरमुसले की विचारू नका. रंग उतरवला. मग त्यांनी चंद्राला बोलावून सांगितलं की रंग गेला तो गेला, दिवे मात्र तेच राहू देत, मिलिटरीचे. माझ्या जीपच्या मागे लागले पाहिजेत.

आता लष्कराचे दिवे म्हणजे काय असतात? जाड लाल काच, वरून लोखंडी झापड, विमानातून दिसू नये अशी. आतले बल्ब चोवीस व्होल्टचे, आणि आपली जीप बाराची, म्हणजे ते जेमतेम मिणमिणणार. चंद्रा कामाला वाईट नव्हता. त्याने लष्कराचं ते बारा पिनांचं जाडजूड बोंडकं कापून जीपला बसेल असा प्लग लावला. अर्थिंगची वायर वेगळी ओढली. ब्रेकची आणि साइडची वायर उलगडून नीट केली. अडलं ते बल्बवर. बारा व्होल्टचा बल्ब त्या होल्डरात बसेना. होल्डर बदलायचा तर काचेचं सील फोडावं लागणार, आणि दिव्याला हात लावलेला शेठला चालणार नव्हता. मागे चार स्क्रू मारून बाजारातला साधा दिवा बसवला असता तरी काम झालं असतं. पण कोण शेठच्या तोंडी लागणार! चंद्राने चोवीसचेच बल्ब ठेवले, दुकानाचं शटर खाली ओढलं आणि जीपची बॅटरी लावून पाहिली. लाल उजेड दिसला. शटर ओढलेल्या दुकानात काजवासुद्धा कंदिलाएवढा वाटतो, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याने कळूनच घेतलं नाही.

लडकू शेठची जीप चालवायचा. पहिल्याच फेरीनंतर तो दुकानात येऊन म्हणाला होता की मागचा दिवा मरगळल्यासारखा वाटतो रं. चंद्राने हसून उडवून लावलं, भावजी, मिलिटरीचा दिवा असाच असतो. लडकूने मान हलवली, चहा घेतला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात शेलारच्या अलीकडे, वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दिवेलागणीला कुमार नावाचा पोरगा पॉवरलूमवरची शिफ्ट संपवून मोटारसायकलने घरी चालला होता. तो त्या ट्रेलरवर मागून आदळला आणि जागच्या जागी गेला.

चौकीत लडकूला विचारलं, वायरिंग कुणी केली? तो म्हणाला, शेठने करून घेतली, कुणाकडून ते मला माहीत नाही. हेही मेघालीनेच सांगितलं. ऐकून चंद्राला वाटलं की त्या माणसाने आपल्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

सकाळभर तो निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून वेड्यासारखा फिरला. एकीकडे लूमची खडखड, एकीकडे हातगाड्या, आणि हा बोटांच्या चिमटीत लष्कराचा तसलाच एक जुना बल्ब धरून जुन्या पार्ट्सच्या दुकानांपुढे उभा. असा हाय का, बारा व्होल्टमधी? प्लग जोडायला शेठ आपल्यालाच पाठवणार, तेव्हा गुपचूप बल्ब बदलून टाकू, असा त्याचा हिशेब. एका म्हाताऱ्या दुकानदाराने बल्ब डोळ्यांजवळ नेला आणि परत दिला. ‘‘ये तो मिलिटरी का है भाई. बारा में नहीं आता.’’ चंद्राने साधा बल्ब घेऊन त्याच्या कडा कानशीने घासून पाहिल्या. तो हातातच फुटला. दुसराही फुटला. अंगठ्यातून रक्त आलं ते त्याने पँटला पुसलं आणि रस्त्याकडेला मटकन बसला. काय करू, कुठे जाऊ, असं त्याला झालं होतं.

चौकीकडे जाताना रिक्षात त्याने मेघालीला सांगून टाकलं, दिवा लागंल, पन लई कमी लागंल. का, ते पण सांगितलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘‘लागंल ना? मंग झाला. तू तोंड उघडू नको.’’

आवारात ऊन नुसतं पेटलं होतं. जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगेत तो ट्रेलर उभा होता, मागची लोखंडी पट्टी एका बाजूने आत वाकलेली. डाव्या दिव्याचा चुरा झाला होता, उजवा शाबूत होता. केसरीनाथशेठ पांढऱ्या कपड्यांत घाम पुसत उभे होते. भिंतीच्या सावलीला एक बाई उकिडवी बसली होती. ती कुमारची आई, ठमाबाई. तिच्यासोबत आलेले दोघेतिघे लडकूच्या नावाने बोटं मोडत होते, ती मात्र त्या ट्रेलरकडे बघत होती. मेघालीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्या दिशेला मान वळवली नाही.

साहेब आले. शेठने पुढे होऊन म्हटलं, साहेब, जीपची बॅटरी जरा उतरलीय, माझा ट्रक लावतो पुढे, दिवा कसा लख्ख लागतो बघा. ट्रक चोवीसचा असतो, शेठला तेवढं बरोबर कळत होतं. साहेबांनी विचारलं, अपघात झाला तेव्हा पुढे काय होतं? जीप. मग जीपच लावा. शेठ मागे सरले.

चंद्राने प्लग जोडला. हवालदाराने जीपमध्ये बसून बटण दाबलं. सगळे दिव्याकडे बघू लागले.

दिव्यात काही नव्हतं. जाड लाल काच उन्हात जशी मघाशी होती तशीच आताही. साहेब वाकले, तळहाताची सावली केली, चष्मा वर केला, खाली केला. ‘‘बंद आहे,’’ ते म्हणाले.

मेघालीच्या तोंडून जे निघालं त्याला रडणं म्हणवत नाही. ती खालीच बसली. चंद्रा साहेबांच्या पायाशी गेला, हात जोडले, साहेब लागलाय, उन्हामुळं दिसत न्हाय, पुन्हा एकदा बघा, तुमच्या पाया पडतो. साहेबांनी पुन्हा बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण उन्हाने तोही कावला होता. मला दिसत नाही ते मी लिहू कसं, असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं. चंद्राच्या डोळ्यांपुढे लडकू उभा राहिला, गजांच्या मागचा, माहीत नाही म्हणणारा. देवा, एवढा एक दिवा दिसू दे, बाकी काही मागणार नाही. तो आयुष्यात कधी इतका कळवळून देवाला बोलला नव्हता.

तेवढ्यात ठमाबाई उठली. ट्रेलरपाशी आली, तेव्हा तिला अडवायचं कुणाला सुचलंच नाही. ती दिव्यासमोर मातीत बसली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दिवा आणि आपलं तोंड दोन्ही त्याखाली घेतलं आणि कडा हातांनी घट्ट आवळून धरल्या. बराच वेळ ती तशीच होती. बरोबरचे लोक तिला हाका मारू लागले. पदराखालूनच तिचा आवाज आला.

‘‘हाय. लागलाय.’’

साहेबांनी हवालदाराकडून एक गोणपाट मागून घेतलं, ते डोक्यावर घेऊन स्वतः दिव्याला डोळा लावला आणि बाहेर येऊन म्हणाले की होय, लागलाय. मग ते बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. मेघाली हुंदके देत हसत होती. शेठने केवढा तरी मोठा श्वास सोडला. लडकू सुटला होता. चंद्राने ट्रेलरची कड धरली. मागितलं ते देवाने पदरात टाकलं होतं.

ठमाबाई अजून मातीतच बसली होती. ती कुणा एकाला म्हणून नाही, अशीच बोलली, ‘‘मंग माज्या पोराला कसा न्हाय दिसला?’’

हवालदार हळू आवाजात म्हणाला, मावशी, आजकालची पोरं, सुसाट चालवतात, घेतलेली पण असते कधी कधी. तिच्यासोबतच्या एकाने तोंड उघडलं, पण तिनेच त्याला हाताने थांबवलं. तिने मान हलवली. पटल्यासारखी हलवली, आणि तेच चंद्राला बघवेना. ‘‘पीत नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘पन सुसाट चालवायचा. मी ओरडायची. गाडी घेऊन मीच दिली त्याला, चालत नको येऊ म्हनून. मीच दिली.’’ आणि ती त्या लाल काचेवर हात फिरवत राहिली. काचेवरची धूळ पुसत होती की काय कोण जाणे.

चंद्राच्या मनगटाला काहीतरी टोचलं. मेघालीची नखं होती. ती केव्हा उठून शेजारी आली त्याला कळलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, साहेबांच्या पेनाकडे बघत होती, आणि त्याचं मनगट पिळून काढत होती. गप राहायचं होतं, बस्. पाच मिनिटं गप राहिलं की लडकू घरी, शेठ घरी, तो दुकानात. आणि ही बाई शेलारला जाऊन मरेपर्यंत म्हणत बसणार, मीच दिली.

‘‘मावशी,’’ चंद्रा म्हणाला. तिने वर पाहिलं नाही म्हणून त्याने पुन्हा हाक मारली. ‘‘मावशी, त्याला दिसलाच नसता. हळू आला असता तरी दिसला नसता. त्यात बल्ब चुकीचा हाय. मीच ठेवला तसा. लडकूभावजीनं मला सांगितलं होतं, दिवा कमी हाय म्हनून. मीच न्हाय ऐकला.’’

शेठ काहीतरी ओरडले. ठमाबाईचा हात काचेवरच थांबला. तिने मान वर करून चंद्राकडे पाहिलं, आणि त्याने ती नजर चुकवली नाही. तेवढंच त्याच्याने झालं. मनगटावरची नखं हळूहळू सैल झाली आणि मेघालीचा हात गळून पडला.

साहेबांनी लिहीत आणलेला कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि त्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं.