चार बोटं अलीकडे

माझ्या उजव्या टोकापासून चार बोटं अलीकडे एक डाग आहे. दोन रुपयांच्या नाण्याएवढा. तिथली सनमायकाची चकाकी गेली आहे. माझ्यावर सहा मुली सराव करतात, पण हा डाग एकीचाच आहे.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. चौदा वर्षं मी रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात पद्मिनी दीदींच्या न्हाणीघराला होतो. पाणी लागून खालून फुगलो आणि चौकटीत बसेनासा झालो. भैय्यालाल सुताराने मला एक लाथ मारून पाहिली. "दीदी, ये तो गया. जलाने के काम आएगा."

मी जळणार नव्हतो. दीदी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि मुलींना स्केटिंगही शिकवतात. त्यांनी माझा फुगलेला भाग कापून घेतला, मला गच्चीवर आडवा टाकला आणि दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकायला लावल्या.

"दरवाज़ा लेटा रहेगा?" भैय्यालालने विचारलं.

"हव भैया. लेटेगा और लड़कियों को दौड़ाएगा."

माझ्यावर पावडर टाकतात. बुटांवर जाड मोजे चढवून मुली एका पट्टीला पाय लावतात, जोराने ढकलतात आणि दुसऱ्या पट्टीपर्यंत सरकतात. मग उलट. हा आइस हॉकीच्या वेगाचा सराव आहे. रायपुरात बर्फ उसाच्या रसात असतो, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या मुली चाकांच्या स्केट्सवर सिमेंटच्या मैदानात शिकतात आणि वर्षातून एकदा पहाडातल्या शिबिरात खऱ्या बर्फावर उतरतात. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

तो डाग क्षमाचा. ती सोळा वर्षांची, पुरानी बस्तीत राहते. तिचे वडील अनंतराव रेल्वेत आहेत. पहिल्यांदा गच्चीवर आले तेव्हा ते बघतच राहिले.

"काय व, पुढे पळायचं असते न? मग बाजूले काहून घसरून राहिली?"

दीदी म्हणाल्या, "अनंतराव, बर्फावर स्केटचं पातं सरळ मागे ढकललं तर निसटतं. बाजूला रोवलं तर धरतं. पुढचा वेग बाजूच्या धक्क्यातूनच येतो."

"म्हणजे खेकड्यावानी?"

"खेकड्याहून जोरात, बाबा," क्षमा म्हणाली.

पण क्षमा जोरात नव्हती. संघाचे प्रमुख निरंजन सर ओरडायचे, "पाय भरभर उचल!" ती भरभर उचलायची, दमायची आणि तरी मागेच राहायची. मग सरांनी ठरवलं, ही पोट्टी हळू आहे, हिला गोलात उभी करा. दोन वर्षं ती "हो सर" म्हणत गोलकीपरचे जाड पॅड बांधत आली. तिला पुढे खेळायचं होतं, फॉरवर्ड. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. मला मात्र कळलं होतं, कारण सगळ्या गेल्यावर ती एकटीच माझ्यावर उतरायची आणि हळू आवाजात स्वतःलाच पास मागायची.

एका संध्याकाळी दीदी गुडघ्यांवर बसल्या. डागावरून अंगठा फिरवला, पट्टीपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं.

"चार बोटं. तू रोज इथेच थांबतेस. डावीकडे परत जाताना मात्र पट्टीपर्यंत पोचतेस. म्हणजे उजवा पाय ढकलतो आणि डावा नुसता बसून राहतो."

"दीदी, माझा डावा पाय कामचोर आहे काय?"

"कामचोर नाही. त्याला कुणी काम सांगितलंच नाही. सगळे तुला पाय भरभर उचलायला सांगत होते."

मग सात आठवडे डाव्या पायाचीच पाळी. ती आपटली, गुडघे सोलले, मला दोनदा शिव्याही घातल्या. मी सरकवत राहिलो. आठव्या आठवड्यात उजव्या पट्टीवर तिचा बूट 'टक्' वाजला. मैदानावर तीस मीटरला तिला सहा सेकंद एक दशांश लागायचे. आता पाच सेकंद तीन दशांश लागले. संघात तिच्यापुढे फक्त एकच मुलगी उरली.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी 'जुन्या वस्तू जपा' म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. मला चादरीखाली झाकून ठेवू नका. माझ्यावर घसरा, मला झिजवा. पावसात तेवढं आत घ्या, कारण फुगलेला दरवाजा कुणालाच पळवू शकत नाही. बाकी माझी कीव नको.

परवा निरंजन सर शिबिराचा फॉर्म घेऊन गच्चीवर आले. क्षमाच्या नावापुढे त्यांनी 'गोलकीपर' लिहायला घेतलं. दीदी म्हणाल्या, "सर, तिचे नवे आकडे पाहिलेत?"

"पाहिले. बरे आहेत. पण गोलात कोण उभं राहील? दुसरी कोणी तयार नाही. गोलकीपर म्हणून हिची जागा पक्की आहे. फॉरवर्डमध्ये आधीच चार जणी आहेत, नाव कटूही शकते."

क्षमाला न्यायला आलेले अनंतराव हळूच म्हणाले, "क्षमा, सर सांगून राहिले ते ऐक न. जाणं तर होईल."

क्षमा माझ्यावरच उभी होती. तिचे दोन्ही पाय सारख्याच वजनाने टेकलेले मला जाणवले. सरांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"फॉरवर्ड लिहा, सर," ती म्हणाली. "नसेल लिहायचं, तर माझं नावच नका लिहू. मी आता गोलात उभी राहणार नाही."